चित्रकाराशी बोलण्याआधी आणि बोलून झाल्यावर: समकालीन कलाविश्वातल्या मुलाखती घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी

समकालीन कलेविषयी मराठीत लिहू लागणाऱ्याच्या वाट्याला पहिले काम बहुधा मुलाखतीचेच येते. दिवाळी अंकाचे संपादक पावसाळ्याच्या सुमारास फोन करतात, एखाद्या चित्रकाराचे नाव सुचवतात, ‘छान गप्पा मारून या’ असे सांगतात आणि शब्दमर्यादा कळवून मोकळे होतात. गप्पा मारून यायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे मात्र कोणी सांगत नाही. चित्रकार, शिल्पकार, गॅलरीचालक, क्युरेटर (प्रदर्शनासाठी कामे निवडून त्यांची मांडणी ठरवणारे), फ्रेमवाले आणि संग्राहक यांच्याशी बोलता बोलता जी पद्धत माझ्या अंगवळणी पडली, ती येथे क्रमाने मांडते आहे. उदाहरणे मुख्यतः मुंबईची आहेत, कारण माझा वावर तिथला. पण कोल्हापूर, नागपूर, नाशिक किंवा पणजी येथे काम करणाऱ्यांनाही हाच क्रम उपयोगी पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. ‘तुमच्या चित्रांचा अर्थ काय?’ असे विचारले की चित्रकार बहुधा मागच्या कॅटलॉगमधला मजकूर थोड्याफार फरकाने परत सांगतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. हे चित्र कुठून सुरू झाले, कुठे अडले, कोणता भाग खरवडून काढला, ते पूर्ण झाले हे कशावरून ठरवले, असे विचारले की त्यांना आठवावे लागते. आणि आठवून बोलणारा माणूस पाठ केलेले बोलत नाही. तेव्हा प्रश्न कामाच्या घडणीविषयी ठेवायचे. अर्थ त्यातून येतो, आणि नाही आला तर तो वाचकांवर सोडता येतो.

१. आधी कामे पाहा, तीही प्रत्यक्ष

मोबाइलच्या पडद्यावर चित्रे पाहून मुलाखतीला जाणे ही सर्वांत मोठी चूक आहे, आणि आजकाल ती सर्रास होते. पडद्यावर आकार कळत नाही, रंगाचा थर कळत नाही, पृष्ठभागाची चमक कळत नाही. प्रभाकर बरवे यांनी कॅनव्हासवर इनॅमल रंग वापरले. त्या सपाट, चकचकीत पृष्ठभागामुळे त्यांच्या चित्रांतल्या घड्याळांना, पानांना आणि फळांना जो अलिप्तपणा येतो, तो छापील प्रतीत जवळजवळ नाहीसा होतो. वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत रोलर आणि पॅलेट नाइफ (रंग पसरवायची बोथट सुरी) यांनी रंग चढवण्याची आणि काढून घेण्याची जी क्रिया आहे, ती चित्रापासून हातभर अंतरावर उभे राहिल्याशिवाय दिसत नाही. ज्याला हे दिसलेले नाही, त्याला विचारण्यासारखे फारसे काही सुचणारही नाही.

मुंबईत पाहण्याची सोय चांगली आहे. काळा घोडा परिसरात १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी आहे. समोरच सर कावसजी जहांगीर सभागृहात १९९६ पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. कुलाबा आणि फोर्ट भागात चालत फिरता येईल इतक्या अंतरावर अनेक खासगी गॅलऱ्या आहेत आणि त्या सर्वांना विनामूल्य खुल्या असतात. काचेचा जड दरवाजा आणि आतली शांतता पाहून नवखे लोक बाहेरूनच परततात. तसे करण्याचे कारण नाही. आत जावे, टेबलावरची कामांची यादी मागून घ्यावी आणि हवा तितका वेळ थांबावे. काही विकत घेणार का, असे कोणी विचारत नाही.

पाहताना वहीत तीन गोष्टी लिहून ठेवा: काय दिसले, ते कशाने केले असावे असे वाटले आणि काय कळले नाही. अर्थ लावण्याची घाई करू नका. तिसऱ्या रकान्यातूनच पुढे चांगले प्रश्न निघतात.

२. झालेल्या मुलाखती वाचा आणि त्यांतले प्रश्न बाद करा

सुधीर पटवर्धन यांनी ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून अनेक वर्षे काम केले. त्यामुळे ‘डॉक्टरकी आणि चित्रकला यांचा मेळ कसा घातलात?’ हा प्रश्न त्यांना किती वेळा विचारला गेला असेल, याची कल्पना करा. प्रभाकर पाचपुते चंद्रपूरच्या कोळसा खाणींच्या परिसरात वाढले आणि चारकोलने भिंतीच्या भिंती रेखाटतात. त्यांच्याबाबतीत कोळशाचा प्रश्न असाच झिजलेला आहे. हे प्रश्न चुकीचे नाहीत, पण त्यांची उत्तरे आधीच उपलब्ध आहेत. ती प्रस्तावनेत दोन ओळींत द्यावीत आणि मिळालेल्या वेळात पुढचे विचारावे: भिंतीवरचे रेखाटन प्रदर्शन संपल्यावर पुसले जाते तेव्हा त्याची नोंद कोण ठेवते, किती मदतनीस लागतात, जागा पाहण्याआधी किती ठरलेले असते.

जुने साहित्य शोधण्यासाठी गॅलऱ्यांचे कॅटलॉग, जुने दिवाळी अंक आणि कला महाविद्यालयांची ग्रंथालये ही ठिकाणे आहेत. हाँगकाँगच्या ‘एशिया आर्ट आर्काइव्ह’ने दक्षिण आशियातील कलालेखनाची जी सूची केली आहे, तीत मराठी लेखनाच्याही नोंदी आहेत आणि ती घरबसल्या पाहता येते. मुलाखत कशी बांधली जाते हे शिकायचे असेल तर अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या ‘आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्ट’ने १९५८ पासून चालवलेल्या मौखिक इतिहास प्रकल्पातली संभाषणे वाचावीत; त्यांपैकी पुष्कळ विनामूल्य उपलब्ध आहेत. जन्म, घर, शाळा, पहिला शिक्षक अशा साध्या प्रश्नांनी सुरू होणारी ती संभाषणे पाहिली की चमकदार पहिल्या प्रश्नाची आपली हौस कमी होते.

३. कोणाकोणाशी बोलायचे ते ठरवा

मुलाखत एकाचीच छापली जाणार असली तरी बोलायचे मात्र तीन-चार जणांशी असते. कलाविश्वात माहिती विखुरलेली आहे आणि ज्याच्याकडे ती असते, त्याचे नाव बहुधा निमंत्रणपत्रिकेवर नसते.

फ्रेमवाल्यापासून सुरुवात करा. त्याने चित्रे मागून पाहिलेली असतात. कोणाचे स्ट्रेचर (कॅनव्हास ताणून बसवायची लाकडी चौकट) वाकडे होते, कोण काचेशिवाय जलरंग लावू देत नाही, कोण उद्घाटनाच्या आदल्या रात्री ओले तैलचित्र घेऊन येतो, हे त्याला ठाऊक असते. मुंबईच्या कलाव्यवहारात फ्रेमच्या धंद्याला एरवीही मोठे स्थान आहे. केकू गांधी यांनी ‘केमोल्ड’ हा फ्रेमचा व्यवसाय १९४१ मध्ये सुरू केला, नव्या चित्रकारांची चित्रे दुकानात लावता लावता त्याचे स्वरूप पालटत गेले, आणि १९६३ मध्ये केकू व खोर्शेद गांधी यांनी जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर गॅलरी उघडली. तीच गॅलरी २००७ पासून फोर्टमधील प्रेस्कॉट रोडवर आहे.

त्यानंतर वर्गमित्र आणि विद्यार्थी. महाराष्ट्रात कलाशिक्षणाची परंपरा गुरूकडून शिष्याकडे स्पष्टपणे जाते: मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शंकर पळशीकरांकडे शिकलेले प्रभाकर कोलते पुढे तिथेच शिकवू लागले, आणि आज नावारूपाला आलेले अनेक चित्रकार कोलते सरांचा वर्ग आठवणीने सांगतात. वर्गात काय सांगितले जायचे, कोणाच्या कामावर कठोर टीका व्हायची, हे विद्यार्थ्यांकडून जितके कळते तितके शिक्षकाकडून कळत नाही. स्वतःविषयी फारसे न बोलणाऱ्या कलावंतांबाबत तर हाच एक मार्ग उरतो. गायतोंडे मितभाषी म्हणून प्रसिद्ध होते. १९७२ नंतर ते दिल्लीत राहिले आणि २००१ मध्ये गेले. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ मध्ये त्यांचे मोठे प्रदर्शन झाले, तेव्हा त्यांच्याविषयीची कितीतरी माहिती त्यांना जवळून पाहिलेल्या माणसांच्या सांगण्यातूनच पुढे आली.

क्युरेटर, गॅलरीचालक, लिलावगृहातले तज्ज्ञ, संग्राहक आणि संवर्धक (खराब होणारी चित्रे दुरुस्त करून जपणारे) यांच्याशीही बोलावे. फक्त प्रत्येकाचा त्या कलावंतात काय हितसंबंध आहे, हे वहीत नावापुढे लिहून ठेवावे. ज्याच्याकडे एका चित्रकाराची वीस चित्रे आहेत, तो संग्राहक त्या चित्रकाराला थोर म्हणणारच. त्याचे म्हणणे खोटे ठरत नाही, पण ते कोणाचे आहे हे वाचकाला कळले पाहिजे. संवर्धकांकडे विशेष लक्ष द्या. मुंबईच्या दमट हवेत कॅनव्हासवर बुरशी कशी येते, कोणत्या काळातले कोणते रंग तडकतात, हे ते सांगू शकतात. आणि त्यांचे सांगणे सहसा कोणाला काही विकण्यासाठी नसते.

४. वेळ मागण्याची रीत

उद्घाटनाच्या संध्याकाळी मुलाखत मागू नका. त्या वेळी चित्रकाराच्या एका बाजूला संभाव्य खरेदीदार आणि दुसऱ्या बाजूला नातेवाईक उभे असतात. ओळख करून घ्यावी, दोन वाक्यांत काम आवडल्याचे नेमके कारण सांगावे आणि निघावे. जहांगीरमधील प्रदर्शने साधारणपणे मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपतात आणि भाड्याने दालन घेतलेला चित्रकार बहुधा पूर्ण आठवडा तिथेच बसून असतो. बुधवार-गुरुवारची दुपार शांत असते. त्या वेळी गेलात तर पुष्कळदा तिथेच तासभर बोलणे होते. पूर्वी अशा बोलण्यासाठी त्याच इमारतीत ‘समोवार’ होते. १९६४ मध्ये सुरू झालेले ते उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झाले, आणि चित्रकारांना सहज गाठण्याची एक सोय गेली. आता वेळ ठरवूनच भेटावे लागते.

खासगी गॅलरीशी जोडलेल्या कलावंताला थेट संदेश पाठवण्यास हरकत नाही, पण गॅलरीलाही कळवावे. संदेशात चार गोष्टी असाव्यात: तुम्ही कोण, मजकूर कुठे आणि साधारण कधी छापला जाणार, किती वेळ हवा, आणि कोणती कामे पाहून हा विचार मनात आला. चौथी गोष्ट लिहिणारे फार थोडे असतात, त्यामुळे तिच्यावरच होकार मिळतो. ज्येष्ठांना ‘सर’ किंवा ‘मॅडम’ म्हणण्याचा या क्षेत्रात प्रघात आहे; समवयस्क चित्रकार पहिल्या भेटीतच ‘अरे-तुरे’वर आले तरी छापताना ‘तुम्ही’ ठेवायचे की ‘तू’, हे त्यांना विचारून घ्यावे.

गॅलरीकडून प्रश्न आधी पाठवण्याची मागणी येते. विषयांची यादी द्यावी, प्रश्न देऊ नयेत. प्रश्न दिले की उत्तरे लिहून येतात, तीही पुष्कळदा गॅलरीतल्या कोणीतरी लिहिलेली.

५. सोबत काय असावे

खालील वस्तू आणि कागद आदल्या रात्री पिशवीत भरून ठेवावेत.

– ध्वनिमुद्रणाची दोन साधने. एक रेकॉर्डर आणि एक मोबाइल चालेल. मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा, नाहीतर ऐन बोलण्यात आलेला फोन मुद्रण थांबवतो.
– जास्तीचे सेल, चार्जर आणि पॉवर बँक. अनेक स्टुडिओ जुन्या औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत असतात आणि तिथल्या विजेचा भरवसा नसतो.
– वही आणि पेन. बोलताना हाताने दाखवलेल्या गोष्टी रेकॉर्डरवर येत नाहीत. ‘हे असे ओढतो’ हे वाक्य नोंदीशिवाय निरुपयोगी आहे.
– पाहिलेल्या कामांच्या छापील प्रती, शक्यतो काळाच्या क्रमाने लावलेल्या.
– मापाची टेप. विचारूनच वापरावी.
– संमतीपत्राच्या दोन प्रती, एक त्यांना देण्यासाठी.
– कॅमेरा असल्यास उत्तम; फ्लॅश मात्र बंद.

मांडणशिल्प करणाऱ्या किंवा व्हिडिओवर काम करणाऱ्या कलावंताकडे जात असाल तर लॅपटॉपही न्यावा, म्हणजे ते दाखवतील त्या चित्रफितीचा नेमका मिनिट आणि सेकंद टिपता येतो.

६. स्टुडिओत बसल्यावर

चहा येईपर्यंत रेकॉर्डर काढू नका, पण काढल्यावर सुरू करण्याआधी परवानगी मोठ्याने मागा, म्हणजे ती मुद्रितही होते. सुरुवातीला तारीख, ठिकाण आणि उपस्थितांची नावे बोलून घ्यावीत. ही औपचारिकता विचित्र वाटते. दोन वर्षांनी तीच फाइल उघडल्यावर तिचे मोल कळते.

पहिली वीस मिनिटे सरळ माहितीची ठेवा. कुठल्या शाळेत शिकलात, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना कोण घेऊन गेले, घरातून विरोध होता का, जी. डी. आर्टच्या (कलेच्या पदविकेच्या) काळात खोली कुठे होती, पहिला पगार कशाचा मिळाला. मराठी चित्रकारांपैकी अनेकांनी जाहिरात संस्थेत, कापड उद्योगात, शाळेत किंवा सिनेमाच्या कलाविभागात नोकरी केलेली असते, आणि त्या नोकरीचा त्यांच्या हातावर झालेला परिणाम त्यांनी स्वतः क्वचितच सांगितलेला असतो. बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात काम केले होते, ही माहिती त्यांच्या चरित्रात एका ओळीत येते. पण विणकामाचे नक्षीकागद रोज पाहणाऱ्या माणसाला कॅनव्हासची सपाटी कशी दिसत असेल, हा प्रश्न त्या ओळीत दडलेला आहे. नोकरीविषयी जरूर विचारा.

नंतर उठून कामांसमोर जा. बसून केलेले बोलणे आणि चित्रासमोर उभे राहून केलेले बोलणे यांत मोठा फरक पडतो, कारण चित्रासमोर ‘माझ्या कामात नेहमी’ अशी वाक्ये टिकत नाहीत. तिथे विचारण्यासारखे काही प्रश्न असे: या चित्रात सर्वांत आधी काय आले? कॅनव्हासला प्रायमिंग (रंगवण्याआधीचा अस्तराचा थर) स्वतः करता की तयार घेता? हा आकार ठरवण्याचे कारण काय. दरवाजातून बाहेर काढता येईल इतकाच मोठा कॅनव्हास घेतला, असे तर नाही ना? (हे कारण वाटते त्याहून अधिक वेळा खरे असते.) कोणता भाग दुसऱ्याने केला? किती दिवस भिंतीकडे तोंड करून ठेवले होते? हे विकले गेले नाही तर पुन्हा रंगवाल का?

शक्य असेल तर कॅनव्हासची मागची बाजू दाखवण्याची विनंती करा. सही, साल, शीर्षक, गॅलऱ्यांची लेबले आणि पूर्वीच्या प्रदर्शनांच्या खुणा तिथे असतात. सय्यद हैदर रझा मागच्या बाजूस नाव, साल आणि शीर्षक ठळकपणे लिहीत असत. सगळे तसे करत नाहीत, आणि का करत नाही हेही विचारण्यासारखे आहे.

मध्ये शांतता पसरली तर ती भरून काढू नका. नवखा मुलाखतकार पाच सेकंदांत पुढचा प्रश्न टाकतो आणि समोरच्याच्या ओठांवर आलेले वाक्य कायमचे जाते. तसेच स्वतःचे मत प्रश्नात मिसळू नका. ‘तुमच्या चित्रांत मला महानगरातले एकटेपण दिसते, बरोबर ना?’ याला सभ्य माणूस ‘हो’ म्हणतो आणि तुम्ही स्वतःचेच मत त्यांच्या नावावर छापता. प्रशंसाही बेताची ठेवावी, कारण फार स्तुती झाली की समोरचा माणूस कलावंताच्या भूमिकेत शिरतो आणि मग त्याला तिथून बाहेर काढणे कठीण जाते.

दीड तासाच्या पुढे ताणू नये. दुसरी भेट मागावी. चांगले बोलणे बहुधा दुसऱ्या भेटीतच होते, कारण मधल्या काळात त्यांनाही काही आठवलेले असते.

७. पैशाविषयी कसे विचारावे

मराठी लेखक हा विषय टाळतात, जणू काही चित्रे प्रसादासारखी वाटली जातात. परिणामी वाचकाला फक्त लिलावांच्या बातम्या कळतात आणि चित्रकार कसा जगतो हे कळत नाही. विषय काढावा, पण ‘हे केवढ्याला?’ अशी सुरुवात करू नये. रचना समजून घेणारे प्रश्न विचारावेत: दालनाचे भाडे तुम्ही भरता की गॅलरी विक्रीतून वाटा घेते? वाटा घेत असेल तर वाहतूक, विमा, फ्रेम आणि कॅटलॉग यांचा खर्च कोणाकडे? काम कन्साइनमेंटवर (विकले गेल्यावरच पैसे, या बोलीवर गॅलरीकडे) किती महिने राहते? पैसे किती दिवसांत मिळतात? अनेक खासगी गॅलऱ्यांत हा वाटा विक्रीच्या निम्म्यापर्यंत जातो, हे माहीत असले म्हणजे उत्तर ऐकून तुम्ही दचकत नाही. आपल्याकडे पुष्कळ चित्रकार चौरस इंचावर दर ठरवतात. तो दर कोणत्या वर्षी आणि कशामुळे वाढला, याचे उत्तर त्यांच्या कारकिर्दीविषयी बरेच काही सांगून जाते.

लिलावाचे आकडे वापरताना दोन सापळे टाळा. पहिला असा की लिलावाआधी जाहीर होणारी अंदाजित किंमत आणि नंतर छापून येणारी विक्रीची किंमत यांची थेट तुलना होत नाही, कारण दुसरीत बहुधा खरेदीदाराकडून घेतले जाणारे शुल्क मिळवलेले असते. अमृता शेरगिल यांचे चित्र सप्टेंबर २०२३ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात ६१.८ कोटी रुपयांना गेले. हा आकडा शुल्कासह आहे. दुसरा सापळा म्हणजे ही रक्कम चित्रकाराला मिळते असा समज. लिलावात येणारी बहुतेक चित्रे दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडून येतात. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५३अ नुसार दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकल्या गेलेल्या मूळ चित्राच्या किमतीत चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागता येतो, पण व्यवहारात तो क्वचितच मिळतो. हा प्रश्न चित्रकार, गॅलरीचालक आणि लिलावगृहातला माणूस अशा तिघांना वेगवेगळा विचारून पाहावा. एकाच विषयावरची तीन उत्तरे शेजारी ठेवली की लेखाचा गाभा मिळतो.

८. ‘हे छापू नका’

असे वाक्य आले की रेकॉर्डर थांबवा आणि थांबवल्याचे दाखवा. बोलून झाल्यावर मागे जाऊन ‘मघाचे ते छापू नका’ असे सांगितले, तर नियमाने तुम्ही बांधील नसलात तरी माझा सल्ला ऐकण्याचा आहे. हे वर्तुळ लहान आहे आणि सगळ्यांना सगळे कळते.

बनावट चित्रांविषयीची विधाने मात्र वेगळ्या सावधगिरीने हाताळावीत. अमक्या संग्रहातले अमके चित्र खोटे आहे, असे गप्पांत सहज सांगितले जाते. एका माणसाच्या शब्दावर ते छापले तर बदनामीचा दावा सांगणाऱ्यावर तसाच छापणाऱ्यावरही होऊ शकतो. कागदपत्र किंवा तज्ज्ञाचा लेखी अहवाल हातात नसेल तर चित्र आणि मालक ओळखू येतील असा कोणताही तपशील ठेवू नये.

९. उतरवून काढणे आणि संपादन

तासाभराचे मुद्रण कागदावर उतरवायला चार-पाच तास लागतात. संगणकाकडून मराठी मजकूर उतरवून घेता येतो, पण चित्रकारांची, गावांची आणि रंगांची नावे तो हमखास बिघडवतो. म्हणून एकदा पूर्ण ऐकत तपासण्याला पर्याय नाही. स्टुडिओतले बोलणे मराठी, हिंदी आणि इंग्रजी यांच्या मिश्रणात होते. ‘टेक्स्चर’, ‘लेयर’, ‘स्पेस’ हे शब्द जसे बोलले गेले तसेच राहू द्यावेत. त्यांच्या जागी जड शब्द घातले की माणसाचा आवाज बदलतो.

क्रम बदलावा लागतो, पुनरावृत्ती काढावी लागते, दोन भेटींतले बोलणे एकत्र आणावे लागते. यात लपवण्यासारखे काही नाही. ब्रिटिश कलासमीक्षक डेव्हिड सिल्व्हेस्टर यांनी चित्रकार फ्रान्सिस बेकन यांच्याशी १९६२ पासून जवळजवळ पाव शतक केलेली संभाषणे आज आदर्श मानली जातात, आणि ती छापताना आपण क्रम बदलला, प्रश्न नव्याने बांधले, हे सिल्व्हेस्टर यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. तुम्हीही शेवटी एक ओळ टाकावी: ‘ही मुलाखत दोन भेटींत झाली असून संपादित स्वरूपात दिली आहे.’ उत्तरातला विचार मात्र बदलू नये, आणि न विचारलेल्या प्रश्नाला दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर जोडू नये.

तपशील तपासताना आठवणीवर विसंबू नका, मग ती कितीही मोठ्या माणसाची असो. प्रदर्शनाचे साल निमंत्रणपत्रिकेवरून, कामाचे साल सहीवरून किंवा कॅटलॉगवरून पडताळावे. ‘प्रोग्रेसिव्ह ग्रुपचे संस्थापक’ ही पदवी फार उदारपणे वाटली जाते. मुंबईतल्या चित्रकार-शिल्पकारांच्या १९४७ च्या त्या गटाचे मूळ सदस्य सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे हे सहा जण होते. गायतोंडे यांच्यासह इतर काही जण त्यानंतर गटाशी जोडले गेले.

१०. संमतीपत्र, छायाचित्रे आणि कॉपीराइट

संमतीपत्र एका पानाचे पुरे. त्यात मुलाखतीची तारीख, ती कुठे छापली जाणार, पुढे पुस्तकात किंवा ध्वनिरूपात वापरण्यास संमती आहे का, मूळ मुद्रण कोणाकडे राहील आणि छापण्यापूर्वी मजकूर दाखवला जाईल का, हे स्पष्ट असावे. मजकूर दाखवायचा असेल तर तथ्ये तपासण्यासाठी दाखवत आहोत आणि अमुक तारखेपर्यंत उत्तर हवे, असे लिहावे. नाहीतर संपूर्ण मुलाखत पुन्हा लिहून परत येते.

छायाचित्रांबाबत नव्या लेखकांचा हमखास गोंधळ होतो. चित्र विकत घेणाऱ्याकडे त्या वस्तूची मालकी येते, कॉपीराइट येत नाही. तो सामान्यतः चित्रकाराकडे आणि त्याच्या पश्चात वारसांकडे, मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे गायतोंडे यांच्या कामांवर तो २०६१ अखेरपर्यंत आहे. पैसे देऊन सांगून काढून घेतलेल्या चित्राला, उदाहरणार्थ व्यक्तिचित्राला, वेगळा करार नसेल तर वेगळा नियम लागतो. शिवाय चित्राचा फोटो ज्याने काढला, त्याचाही हक्क असू शकतो. परीक्षण-समीक्षेसाठी कायद्याने काही मोकळीक दिली आहे, पण मुखपृष्ठावर किंवा पूर्ण पानावर चित्र छापताना तिच्यावर विसंबू नये. एका चित्रासाठी साधारणपणे पुढील तपशील आणि कागद लागतात:

– कलावंताचे नाव, शीर्षक, साल, माध्यम आणि आकार (आधी उंची, मग रुंदी)
– चित्रकाराची किंवा वारसांची लेखी परवानगी, ई-मेल चालतो
– फोटो देणाऱ्या गॅलरीची, संग्रहालयाची किंवा छायाचित्रकाराची परवानगी आणि श्रेयाची नेमकी ओळ
– संग्राहकाचे नाव छापायचे की ‘खासगी संग्रह’ लिहायचे, याची खात्री
– छपाईला पुरेल इतक्या मोठ्या आकाराची फाइल. व्हॉट्सॲपवर आलेली नव्हे
– मुद्राचित्र (ठशावरून काढलेली प्रत) असल्यास आवृत्तीचा क्रमांक

संपादकांना पान जुळवताना चित्र कापायची सवय असते. परवानगी मागतानाच ‘चित्र कापले जाणार नाही, त्यावर अक्षरे येणार नाहीत’ असे संपादकांकडून लिहून घ्या. चित्रकारांच्या तक्रारी मजकुराविषयी कमी आणि कापलेल्या चित्राविषयी अधिक असतात.

११. छापून आल्यावर

अंकाच्या दोन प्रती स्वतः पाठवा. प्रकाशक पाठवतील या भरवशावर राहू नका. ज्यांच्याशी बोललात पण ज्यांचे नाव छापले नाही, त्या फ्रेमवाल्याला, सहायकाला, वर्गमित्रालाही कळवा. चूक निघाली तर पुढच्या अंकात दुरुस्ती मागा आणि स्वतःच्या प्रतीत लगेच नोंद करा, कारण पुढचा अभ्यासक तुमच्याच लेखातून ते साल उचलणार आहे.

मूळ मुद्रण तीन ठिकाणी साठवा: संगणक, वेगळी हार्ड डिस्क आणि क्लाउड. फाइलच्या नावात तारीख, आडनाव आणि भेटीचा क्रमांक असावा. छापलेल्या मजकुराच्या कितीतरी पट बोलणे त्या फाइलमध्ये राहते, आणि काही वर्षांनी एखाद्या संग्रहालयाला किंवा कुटुंबीयांना नेमके तेच हवे असते; संमतीपत्रात त्याची सोय केली असेल तर ते देता येते. उसने आणलेले कॅटलॉग, स्लाइड्स आणि जुने फोटो मात्र लगेच परत करा, शक्यतो स्वतः जाऊन, आणि परत केल्याची एक ओळ दोघांच्या सहीने संमतीपत्राच्या मागे लिहून घ्या.